शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म : सोलापूर, २८ मे १९०३, मृत्यू : २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक आणि यंत्र अभियंते होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे ते थोरले पुत्र. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या वडिलांच्या कारखान्याचे रूपांतर डिझेल इंजिने, विद्युत मोटारी आणि यंत्रहत्यारे निर्माण करणाऱ्या उद्योगसमूहात होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४६ साली पुण्यात खडकी येथे स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी त्यांच्या कार्याचा गाभा मानली जाते. या कंपनीचा एक मोठा कारखाना आज कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात आहे. भारत सरकारने १९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण देऊन गौरवले.

पार्श्वभूमी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतनातील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानापाठोपाठ शेतीच्या अवजारांचा व्यवसाय उभा केला. लोखंडी नांगराने जमीन नासते या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर दोन वर्षे पडून होते. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. शंतनुराव त्या वेळी सहा वर्षांचे होते. निवडुंगाच्या रानात उभ्या राहिलेल्या या वसाहतीतच त्यांचे बालपण गेले, आणि भट्टी, ओतकाम व लेथ यांची ओळख त्यांना पुस्तकांच्याही आधी झाली.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून येणारे बिडाचे लोखंड थांबले आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. अशा वेळी कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यात आले. कोल्हापूर परिसराशी किर्लोस्करांचा संबंध कागलच्या कारखान्यापासून नव्हे, तर या तोफांपासून मोजायला हवा.

शिक्षण

१९२२ साली शंतनुराव चुलतभाऊ माधव यांच्यासह अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकण्यासाठी गेले. त्या काळी परदेशी जाणारे बहुतेक मराठी तरुण इंग्लंडची वाट धरीत आणि बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन परतत. खेड्यातल्या कारखानदाराने मुलाला यंत्रशास्त्रासाठी अमेरिकेला धाडावे, ही गोष्ट वेगळी होती. माधव यांना क्षयाने गाठले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. शंतनुरावांनी १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. या संस्थेच्या सुरुवातीच्या भारतीय पदवीधरांत त्यांची गणना होते.

किर्लोस्करवाडीतील काम

परतल्यावर ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. नांगरांसोबत पंपांचे उत्पादन वाढत होते, इंजिनांचे प्रयोगही सुरू झाले होते. दोन्हींचा संबंध सरळ आहे. विहिरीवर मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याला नुसता पंप विकून भागत नाही. तो फिरवायला काहीतरी हवे, आणि खेड्यात वीज नव्हती.

नांगर आणि इंजिन यांच्या निर्मितीत मात्र मूलभूत फरक आहे. नांगराच्या फाळात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी जमीन नांगरली जाते. इंजिनाच्या सिलिंडरात तेवढा फरक पडला तर इंजिन सुरूच होत नाही. ओतकामात तरबेज असलेल्या कारखान्याला मापनाची नवी शिस्त लावणे हे शंतनुरावांच्या पिढीपुढचे खरे काम होते. यासाठी चांगली यंत्रहत्यारे लागत, म्हणून किर्लोस्करांनी लेथ बनवायला घेतले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी स्थापन झाली.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स

दुसरे महायुद्ध संपताच १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक अशा दोन कंपन्या निघाल्या. बंगळूरचे काम धाकटे बंधू रवी यांच्याकडे गेले. पुण्याचे शंतनुरावांनी स्वतःकडे ठेवले. इंजिनांच्या रचनेसाठी ब्रिटिश कंपनीचे सहकार्य घेण्यात आले. शंतनुरावांना परदेशी तंत्रज्ञानाचे वावडे कधीच नव्हते. तंत्र विकत घ्यावे, पचवावे आणि मग आपल्या नावाने माल जगात विकावा, हे त्यांचे आयुष्यभराचे धोरण राहिले.

पाया घातला जात असतानाच १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. मोठे नुकसान झाले. कारखाना पुन्हा उभारण्यात आला, परंतु समूहाच्या विस्ताराचे केंद्र यापुढे पुणेच राहिले.

सिलिंडरचे माप

किर्लोस्करांच्या इंजिनांपैकी एव्ही-१ हे विशेष परिचित आहे. एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि पाच अश्वशक्तीचे हे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिमी आणि पिस्टनची धाव ११० मिमी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हे इंजिन व त्याचे ८७.५ मिमी व्यासाचे भावंड टीव्ही-१ हमखास आढळते. शंतनुरावांच्या कामाचे मोल समजण्यासाठी अशा इंजिनात मोकळीक किती आणि का ठेवावी लागते, हे पाहणे उपयोगी ठरते.

पिस्टन सिलिंडरात घट्ट बसून चालत नाही आणि सैल बसूनही चालत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. दोन्हींचे तापमान १०० अंशांनी वाढले असे धरल्यास ८० मिमीच्या पिस्टनचा व्यास सुमारे ०.१६ मिमीने, तर सिलिंडरचा सुमारे ०.०९ मिमीने वाढतो. म्हणजे ०.०७ मिमी मोकळीक, जवळजवळ एका केसाची जाडी, नुसत्या उष्णतेने नाहीशी होते. प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिक तापतो, त्यामुळे ही घट आणखी मोठी असते. मोकळीक कमी ठेवली तर पिस्टन अडकून इंजिन जाम होते. जास्त ठेवली तर पिस्टन आदळतो, दाब गळतो आणि तेल जळते.

सुट्या कारागिरीच्या काळात मिस्त्री प्रत्येक पिस्टन त्याच्या सिलिंडरला घासून जुळवीत असे. असे इंजिन चांगले चाले, परंतु दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन त्यात बसत नसे. शेतकऱ्याला हजारो इंजिने विकायची, तर तालुक्याच्या गावी मिळणारा सुटा भाग कोणत्याही इंजिनात बसलाच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक भागाच्या मापाला वरची व खालची मर्यादा ठरवून लिमिट गेजने तपासणी करावी लागते. कारागिराच्या हाताच्या अंदाजाऐवजी आकड्यावर विश्वास ठेवण्याची ही सवय आहे, आणि ती लावणे यंत्रे आणण्यापेक्षा अवघड असते.

जुने इंजिन पुन्हा बांधताना हीच परीक्षा उलट दिशेने होते. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो, तेथे दाब सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून वरच्या कडीच्या पातळीवर झीज अधिक होते. तिच्या वर न झिजलेली कड उरते, ती नखालाही लागते. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या जोरामुळे सिलिंडर एका दिशेने लांबट होतो. म्हणूनच बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी, अशी किमान सहा मापे घेतात. पिस्टन मायक्रोमीटरने मोजतात, तोही खालच्या घेराच्या भागावर आणि पिनेला काटकोनात. दोन्ही वस्तू एकाच तापमानाला असाव्या लागतात. उन्हात ठेवलेला पिस्टन आणि सावलीतला सिलिंडर मोजून काढलेली वजाबाकी फसवी असते.

नंतर पिस्टनच्या कडीची पाळी येते. कडी सिलिंडरात सरळ ढकलून तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने पाहतात. व्यास ०.१ मिमी वाढला की ही फट सुमारे ०.३१ मिमीने रुंदावते, कारण परिघ व्यासाच्या ३.१४ पट वाढतो. त्यामुळे झिजलेल्या सिलिंडरात नुसत्या नव्या कड्या घालणे हा बहुधा पैशांचा अपव्यय असतो. अशा वेळी सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात किंवा लायनर बदलतात.

तिसरी मोकळीक पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यामधली. ती मोजायला मिस्त्री शिशाच्या तारेचा तुकडा पिस्टनवर ठेवतात, हेड आवळतात, इंजिन हाताने फिरवतात आणि दबलेल्या तारेची जाडी मोजतात. एव्ही-१ मध्ये दाबाचे प्रमाण १६.५ आहे, सिलिंडरातील सुमारे ५८९ घनसेंटीमीटर हवा शेवटी सुमारे ३६ घनसेंटीमीटरच्या जागेत दबते. हेडखाली अर्धा मिलिमीटर जाड गॅस्केट जास्त पडले तर ही जागा अडीच घनसेंटीमीटरने वाढते आणि प्रमाण १५.५ च्या आसपास उतरते. थंडीच्या पहाटे हँडल मारून थकलेल्या शेतकऱ्याला हा आकडा ठाऊक नसतो, पण त्याची किंमत तोच मोजतो. जुन्या मोटारगाडीचे इंजिन हौसेने उघडणाऱ्यालाही हीच मापे, याच क्रमाने घ्यावी लागतात.

विस्तार आणि सार्वजनिक जीवन

इंजिनांच्या जोरावर समूहाचा विस्तार झपाट्याने झाला. १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक निघाली. १९६२ साली अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यातील कोथरूड येथे किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. परदेशांत भारतीय इंजिने विकण्यावर शंतनुरावांनी विशेष भर दिला. जर्मनीतील फॅरीमन ही डिझेल इंजिने बनवणारी कंपनी समूहाने विकत घेतली. भारतीय उद्योगाने युरोपातील कारखाना घेणे त्या काळी जवळजवळ अपूर्व होते.

परवाना पद्धतीचे ते उघड टीकाकार होते. उत्पादन किती करावे हे दिल्लीत ठरू नये, असे त्यांचे मत होते. समाजवादाचा बोलबाला असलेल्या काळात त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. नियंत्रणांना विरोध करणाऱ्या या उद्योगाला आयातबंदीच्या काळात संरक्षणाचाही लाभ झाला, हे येथे नोंदवणे उचित ठरेल. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र. त्याच्या नावात किर्लोस्करवाडीच्या माळावरचा निवडुंग आला आहे. पुण्यातील त्यांच्या ‘लकाकी’ या निवासस्थानाचे नाव वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. २००३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

कागल

दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या काठचा कागल तालुका उसाचा आहे. नदीचे पाणी उचलून शेतात नेण्याचे काम या भागात आधी डिझेल इंजिनांनी केले, वीज नंतर आली. इंजिनांच्या दुरुस्तीतून आणि सुट्या भागांतून कोल्हापूरचे उद्यमनगर वाढले. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा इंजिनांचे ओतीव भाग देशभर पुरवू लागल्या. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना शंतनुरावांच्या निधनानंतर उभा राहिला. शाहू महाराजांनी दिलेल्या तोफा जेथे वितळल्या ती किर्लोस्करवाडी आणि हा कारखाना यांच्यामध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्या आहेत.