अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे : चाबूकस्वारानं उभी केली देशाची पहिली सर्कस

सांगली : कृष्णाकाठचं अंकलखोप म्हटलं की शेजारच्या औदुंबरचे दत्तगुरू आठवतात, उसाचे फड आठवतात. पलूस तालुक्यातल्या याच गावात विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म झाला. भारतीय माणसानं उभी केलेली देशातली पहिली आधुनिक सर्कस त्यांचीच मानली जाते. तंबू, वाघ-सिंह, झोपाळे हे सगळं नंतर आलं. विष्णुपंतांकडे सुरुवातीला दोनच गोष्टी होत्या, घोड्याची जाण आणि गाण्याचं वेड.

हे वेड त्यांना तरुणपणीच ग्वाल्हेरला घेऊन गेलं. शिंदे सरकारच्या त्या राजधानीत तेव्हा हद्दू खाँ यांच्यासारखे थोर गवई होते. विष्णुपंतांनी हद्दू खाँ यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली. तिथेच बाबासाहेब आपटे यांच्याकडे ते घोडा फिरवायला शिकले. मराठी माणूस, मुसलमान उस्ताद, शिंद्यांचं गाव. जात-धर्म न बघता त्यांना विद्या मिळाली आणि ती ते आयुष्यभर विसरले नाहीत.

परत आल्यावर ते कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे चाबूकस्वार झाले. नरसोबाच्या वाडीजवळचं हे छोटं संस्थान. तिथल्या पागेतले घोडे तयार करायचे, त्यांना चाल शिकवायची, हे त्यांचं काम. पोटापाण्याची सोय होती, दरबारात मान होता. आयुष्य असंच सुखात गेलं असतं.

कियारिनीचा टोमणा

१८७९ साली जुझेप्पे कियारिनी नावाचा इटालियन मालक आपली मोठी सर्कस घेऊन मुंबईला आला. खेळ बघायला कुरुंदवाडचे राजेसाहेब गेले आणि त्यांच्याबरोबर विष्णुपंतही. असं सांगतात की, भारतात अशी सर्कस का नाही, असा विषय निघाला तेव्हा कियारिनीनं हे काम इथल्या लोकांना इतक्यात जमायचं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून दाखवलं. त्यावर पैज लागली, अशीही कथा आहे. पैजेचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो, पण बोल मनाला लागला हे खरं.

आता एका चाबूकस्वारानं सर्कस काढायचं धाडस कसं केलं? याचं उत्तर सर्कसच्या जन्मातच आहे. आजच्या पद्धतीची सर्कस इंग्लंडमध्ये फिलिप ॲस्टली यानं १७६८ साली सुरू केली. तो घोडदळातला शिपाई होता. घोडा गोल रिंगणात एकसारख्या वेगानं पळाला की त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं. त्यासाठी साधारण ४२ फूट व्यासाचं रिंगण बरोबर बसतं आणि जगभर सर्कसचं रिंगण त्याच मापाचं राहिलं. म्हणजे सर्कसचा पाया घोडाच. मुंबईच्या तंबूत जे चाललं होतं, त्यातलं निम्मं काम विष्णुपंत कुरुंदवाडच्या पागेत रोज करत होते.

तरी उरलेलं निम्मं सोपं नव्हतं. कसरत करणारी माणसं जमवायची, तालीम द्यायची, सामान आणायचं, आणि हे सगळं पांढरपेशा घरातल्या माणसानं करायचं. खेळ फसला असता तर हसं झालं असतं, आणि ते त्यांच्या एकट्याचं नाही. ज्या राजानं पाठबळ दिलं त्याचंही. पण काही महिन्यांतच तयारी झाली. २० मार्च १८८० हा त्यांच्या सर्कसच्या पहिल्या खेळाचा दिवस मानला जातो. नाव ठेवलं ‘ग्रेट इंडियन सर्कस’. पुढं ही सर्कस देशभर फिरली, सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत गेली.

केरळात पेरलेलं बी

फिरता फिरता १८८० च्या दशकाच्या शेवटी सर्कस मलबारात तलश्शेरीला पोहोचली. तिथं कीलेरी कुंजिकण्णन नावाचे शिक्षक होते. बासेल मिशनच्या शाळेत ते मुलांना कसरती शिकवायचे, कळरीपयट्टू ही तिकडची युद्धकला त्यांना येत होती. दोघांचं जमलं. सर्कसला चपळ खेळाडू हवे होते आणि कुंजिकण्णन यांच्याकडे ते घडवायची हातोटी होती. पुढं त्यांनी तलश्शेरीजवळ १९०१ साली सर्कसची शाळाच काढली. नंतरच्या काळात देशातल्या सर्कशींमध्ये झोपाळ्यावर दिसणारे कितीतरी कलावंत त्याच भागातले. आज तलश्शेरीला भारतीय सर्कसची जन्मभूमी म्हणतात, पण तिथं बी पडलं ते कुरुंदवाडच्या या तंबूतून.

इकडेही वाट तयार झाली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, शेलारांची निघाली. शेलारांच्या सर्कसमधून पुढं आलेले पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कसमध्ये वाघ-बिबट्यांचे खेळ करून जगात गाजले. त्यांच्या आयुष्यावरचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक मराठी घरांत लहानांनी वाचलं आणि मोठ्यांनीही.

उस्तादांचा मुलगा

विष्णुपंतांची खरी परीक्षा मात्र तंबूबाहेर झाली. हद्दू खाँ १८७५ साली गेले. त्यांचा मुलगा रहिमत खाँ गळ्यानं अजोड, पण वडील आणि भाऊ गेल्यावर सैरभैर झाला. अफूचं व्यसन जडलं, भान राहिना. सर्कस घेऊन फिरणाऱ्या विष्णुपंतांना तो बनारसमध्ये हलाखीत सापडला. आपल्यामागं मुलाला सांभाळ, असा शब्द उस्तादांनी विष्णुपंतांकडून घेतला होता, असं सांगतात. शब्द घेतलेला असो वा नसो, त्यांनी तो पाळला.

रहिमत खाँना त्यांनी बरोबर घेतलं. खाणं-पिणं, कपडालत्ता, औषधपाणी सगळं बघितलं. व्यसनी माणूस सांभाळणं काय असतं, हे ज्या घरात असा माणूस आहे त्या घरालाच कळतं. कधी रुसणार, कधी हट्ट करणार, कधी दिवसभर बोलणारच नाही. तरी सर्कस जाईल तिथं खाँसाहेबांच्या मैफली होऊ लागल्या. लोक त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणू लागले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर रहिमत खाँच्या गाण्याचा ठसा उमटला, तोही याच काळातल्या ऐकण्यातून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विष्णुपंत गेले. सर्कस आणि खाँसाहेब, दोन्हींची जबाबदारी त्यांचे भाऊ काशिनाथपंतांनी उचलली. रहिमत खाँ अखेरपर्यंत छत्र्यांच्या आधारानंच राहिले आणि १९२२ साली कुरुंदवाडला वारले.

आता काळ बदलला. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ करायला सरकारनं १९९८ साली बंदी घातली, आणि ती योग्यच होती, कारण पिंजऱ्यातल्या जनावरांचे हाल कुणी नाकारू शकत नाही. लहान मुलांना सर्कसमध्ये कामाला ठेवायलाही २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं मनाई केली. जत्रेच्या मैदानात मोठा तंबू आता क्वचितच दिसतो. पण मरणाआधी थोडी वर्षं रहिमत खाँ यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या होत्या. मोबाईलवर त्यांचं नाव टाकलं की तो शंभर वर्षांपूर्वीचा आवाज आजही ऐकू येतो. विष्णुपंतांनी बनारसहून त्या माणसाला आणलं नसतं, तर तो आवाज कुणाच्याच कानावर पडला नसता.