जॉन स्टुअर्ट मिल व त्यांचे घरचे धडे

आपल्या मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत, कोणत्या वयांत द्यावींत व कोणतीं कांहीं काळ दूर ठेवावींत, हा प्रश्न प्रत्येक विचारी आईबापांपुढें येतो. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें अर्धेंअधिक उत्तर शिक्षक व अभ्यासक्रम हेच देऊन टाकतात. परंतु ज्या मुलाला बापानें शाळेंत पाठविलेंच नाहीं, त्याच्या शिक्षणाचा सर्व भार त्या बापाच्या निवडीवर पडतो. निवड उत्तम असली तर तिचें फळ जन्मभर मिळतें. तींत कांहीं राहून गेलें तर ती उणीवही फार दिवस जाणवते. इंग्लंडांतील सुप्रसिद्ध तत्त्ववेत्ते जॉन स्टुअर्ट मिल ह्यांच्या चरित्रांत ह्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं पाहावयास सांपडतात. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र व व्यक्तिस्वातंत्र्य ह्या विषयांवरील त्यांचे ग्रंथ जगभर वाचले गेले. आपल्या महाराष्ट्रांतही गोपाळ गणेश आगरकर ह्यांच्या पिढीनें ते मोठ्या आदरानें अभ्यासिले. असा हा पुरुष बाळपणीं कोणत्याही शाळेंत गेला नव्हता.

मिल ह्यांचा जन्म लंडन शहरीं ता. २० मे १८०६ रोजीं झाला. त्यांचे वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडांतील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र. सर जॉन स्टुअर्ट नांवाच्या उदार गृहस्थांच्या साह्यानें त्यांनीं एडिंबरोच्या विद्यापीठांत शिक्षण घेतलें व १८०२ सालीं नशीब काढण्यासाठीं लंडन गांठलें. त्या उपकारांची आठवण म्हणून त्यांनीं आपल्या थोरल्या मुलास त्या गृहस्थांचें नांव दिलें. नियतकालिकांत लेख लिहून मिळणाऱ्या अनिश्चित प्राप्तीवर संसार चालत असे. पुढें एकंदर नऊ मुलें झालीं. अशा ओढाताणींतच जेम्स मिल ह्यांनीं हिंदुस्थानच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ लिहावयास घेतला व तो १८१७ सालीं पुरा केला. ग्रंथकर्त्यानें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता, येथील भाषा त्याला येत नव्हत्या, आणि आपल्या लोकांविषयींचे त्याचे निर्णय कठोर व एकांगी आहेत, हें खरें. पण तो ग्रंथ ज्या मेजावर लिहिला जात होता, त्याच मेजाशीं एक लहान मुलगा आपला धडा करीत बसलेला असे. आणि आपली गोष्ट त्या मुलाची आहे.

जॉन तीन वर्षांचा असतांनाच बापानें त्याला ग्रीक भाषा शिकवावयास आरंभ केला. त्यासाठीं लागणारें पहिलें साहित्य जेम्स मिल ह्यांनीं स्वतःच तयार केलें. नित्याच्या उपयोगाचे ग्रीक शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ लहान लहान पत्त्यांवर लिहून ते त्यांनीं मुलाच्या हातीं दिले. व्याकरणाचें सगळें ओझें आरंभींच डोक्यावर ठेवलें नाहीं. नामांचीं व क्रियापदांचीं रूपें तेवढीं करवून घेतलीं, आणि शब्दांशीं थोडी ओळख होतांच मुलाला एकदम वाचनास लावलें. पहिलें पुस्तक इसापाच्या गोष्टींचें होतें. त्यानंतरचें झेनोफन ह्यानें लिहिलेला दहा हजार ग्रीक सैनिकांच्या परतीच्या वाटचालीचा वृत्तान्त हें होतें. आठव्या वर्षीं लॅटिन भाषा सुरू झाली, तोंवर हेरोडोटसाचा सबंध इतिहास मुलाच्या नजरेखालून गेला होता.

त्या काळीं ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजींत देणारा कोश मुलाच्या हातीं देण्यासारखा नव्हता. जे कोश होते ते लॅटिनमध्यें अर्थ देणारे, आणि लॅटिन तर अजून शिकावयाची होती! त्यामुळें अडलेला प्रत्येक शब्द मुलाला बापासच विचारावा लागे. जेम्स मिल स्वभावानें मोठे उतावीळ; कामांत कोणी व्यत्यय आणलेला त्यांना खपत नसे. तरीही ते लेखणी थांबवीत, शब्दाचा अर्थ सांगत आणि पुन्हां आपल्या इतिहासाकडे वळत. अशीं कित्येक वर्षें गेलीं. पुस्तकांची यादी कोणासही उतरून घेतां येईल. पण मुलाचा धडा अडला असतां हातचें काम बाजूस ठेवणारा बाप त्या यादींत लिहिलेला नसतो. मिल ह्यांच्या शिक्षणांतील सर्वांत मोलाचें साहित्य कोणतें असेल, तर तें हेंच होय.

दुसरा वर्ग रस्त्यावर भरत असे. हें कुटुंब त्या वेळीं लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीन येथें राहात होतें. प्रकृतीसाठीं जेम्स मिल सकाळीं न्याहरीपूर्वीं हिरव्या कुंपणांच्या वाटांनीं फिरावयास जात व मुलाला बरोबर नेत. आदल्या दिवशीं जें वाचलें त्याचीं टिपणें जॉन कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून ठेवी, आणि चालतां चालतां त्या चिठ्ठ्यांच्या आधारें सर्व हकीकत बापाला सांगे. हीं पुस्तकें बहुतेक इतिहासाचीं असत. ह्यूम, गिबन, रॉबर्टसन ह्यांचे भारी ग्रंथ त्यानें अशा रीतीनें आपलेसे केले. वाचलेलें दुसऱ्यास सांगावयाचें आहे हें ठाऊक असल्यामुळें तो तें लक्षपूर्वक वाची. आणि सांगतांना बाप मधून मधून राज्यकारभार, नीति व सुधारणा ह्यांविषयीं जें समजावून देई, तें मागाहून मुलाला स्वतःच्या शब्दांत परत सांगावें लागे.

ह्या निवडींत केवळ रुक्ष ग्रंथच होते असें मात्र नाहीं. संकटांत सांपडूनही हिंमत न सोडणाऱ्या व युक्तीनें मार्ग काढणाऱ्या माणसांच्या हकीकती मुलांनीं वाचाव्यात, अशी जेम्स मिल ह्यांची इच्छा असे. म्हणून कॅप्टन कुक वगैरे दर्यावर्द्यांचे प्रवासवृत्तान्त त्यांनीं मुलाला दिले. निव्वळ करमणुकीचीं पुस्तकें घरांत जवळजवळ नव्हतींच; पण अरबी भाषेंतील सुरस गोष्टी, डॉन क्विक्झोट, मिस एजवर्थ ह्यांच्या कथा हीं पुस्तकें त्यांनीं मुलासाठीं दुसऱ्यांकडून मागून आणलीं. खेळण्यांप्रमाणेंच मुलांचीं पुस्तकेंही जॉनपाशीं फार थोडीं होतीं. त्यांत रॉबिन्सन क्रूसो हें अग्रगण्य होतें, आणि त्याची गोडी सगळ्या बाळपणांत कमी झाली नाहीं.

आठव्या वर्षापासून जॉनवर एक नवें काम पडलें. तो जें लॅटिन शिके तें त्यानें धाकट्या बहिणीला व पुढें इतर भावंडांना शिकवावें, असा नियम झाला. आणि त्यांचा धडा कच्चा राहिला तर जाब जॉनला द्यावा लागे. हें काम त्याला मुळींच आवडत नसे. पण दुसऱ्यास समजावून सांगण्यासाठीं जें शिकावें लागतें तें पक्कें बसतें, हा लाभ त्याला झाला. बाराव्या वर्षीं तर्कशास्त्र आलें, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र. अर्थशास्त्रावर मुलास देण्याजोगें सोपें पुस्तक नव्हतें. तेव्हां फिरावयास गेलें असतां बाप एकेक भाग तोंडीं समजावी, दुसऱ्या दिवशीं मुलानें तो लिहून आणावा, आणि स्पष्ट व बिनचूक होईपर्यंत पुन्हां पुन्हां लिहावा. ह्या टिपणांचा उपयोग करूनच जेम्स मिल ह्यांनीं १८२१ सालीं आपलें अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचें पुस्तक काढलें. मुलाच्या अभ्यासांतून पाठ्यपुस्तक जन्मास आलें, असें हें एक दुर्मिळ उदाहरण आहे.

घोकंपट्टीला ह्या घरांत थारा नव्हता. जें विचार करून सांपडण्यासारखें आहे तें विचार करून थकल्याशिवाय सांगावयाचें नाहीं, असा बापाचा बाणा होता. मुलाला त्याची स्तुति ऐकूं येऊं नये ह्याविषयीं तर तो फारच दक्ष असे. चौदाव्या वर्षीं जॉन फ्रान्सला जावयास निघाला, तेव्हां हाइड पार्कमध्यें फिरतांना बापानें त्याला समज दिली कीं, इतर मुलांस न येणाऱ्या पुष्कळ गोष्टी तुला येतात असें तुला आढळून येईल. पण त्यांत तुझा मोठेपणा नाहीं, शिकविण्याची पात्रता, इच्छा व त्यासाठीं लागणारा वेळ ज्याच्यापाशीं आहे असा बाप मिळाला हें तुझें भाग्य. आपण इतरांपेक्षां अधिक जाणतो ही गोष्ट मुलाला त्या दिवशीं प्रथम कळली!

आतां दुसरी बाजू पाहूं. सातव्या वर्षीं बापानें प्लेटोचे संवाद हातीं दिले. त्यांतील एक तर मुलाच्या समजुतीच्या पलीकडचा होता, व तो गाळला असता तर बरें झालें असतें असें मिल ह्यांनीं पुढें आत्मचरित्रांत नमूद करून ठेवलें आहे. उच्च गणित बापाचा स्वतःचाच विषय राहिला नव्हता. म्हणून मुलानें पुस्तकांवरून एकट्यानें झगडावें, आणि पायाच कच्चा असल्यामुळें उदाहरण सुटलें नाहीं कीं बापाचा रोष सोसावा. रसायनशास्त्राचीं पुस्तकें जॉननें अधाशासारखीं वाचलीं. परंतु एकही प्रयोग डोळ्यांनीं पाहावयास त्याला कित्येक वर्षें मिळाला नाहीं. सवंगडी नाहींत, सुट्या नाहींत, मैदानी खेळ नाहींत; त्यामुळें हातांना कसब आलें नाहीं, व रोजच्या साध्या कामांत तो अडखळे. ह्या शिक्षणांत प्रेमापेक्षां धाकच अधिक होता. ज्या मातेनें नऊ मुलांचा तो संसार उचलला, तिच्याविषयीं मिल ह्यांच्या छापील आत्मचरित्रांत जवळजवळ कांहींच आढळत नाहीं, ही गोष्टही मनाला चटका लावल्यावांचून राहात नाहीं.

सतराव्या वर्षीं, १८२३ सालीं, मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत वडिलांच्या हाताखालीं नोकरीस लागले. जगाची सुधारणा करणें हेंच आपलें जीवितकार्य, असा त्यांचा निश्चय झाला होता. परंतु १८२६ सालच्या शरद्‌ऋतूंत एक विलक्षण प्रसंग गुदरला. ज्या सुधारणांसाठीं आपण झटतों त्या सर्व ह्या क्षणीं घडून आल्या तर आपणांस आनंद होईल काय, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला, आणि मनानें स्पष्ट नकार दिला. वयाच्या विसाव्या वर्षीं जगण्यांतील सारी गोडीच नाहींशी झाली. काम यंत्रासारखें चालूं होतें. पण अंतःकरण कोरडें पडलें होतें. हें दुःख ज्याच्यापाशीं बोलावें असा मनुष्य त्यांना सुचेना. वडिलांपाशीं तर मुळींच बोलवेना; कारण ज्या शिक्षणावर वडिलांनीं आपलें आयुष्य वेचलें, त्याचाच हा परिणाम आहे असें त्यांना दिसत होतें.

महिने असेच गेले. मग एके दिवशीं मार्मोंतेल नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराच्या आठवणी ते वाचीत होते. वडील वारले, घर दुःखांत बुडालें, आणि लहानग्या मुलानें आतां ह्या सर्वांचा आधार मी होईन असा निर्धार केला, हा प्रसंग वाचतां वाचतां मिल ह्यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. आपलें हृदय अजून जिवंत आहे हें त्यांना कळलें. पुढें १८२८ सालीं वर्ड्‌स्‌वर्थ कवींची कविता त्यांनीं प्रथमच हातीं घेतली. बाळपणीं त्यांनीं कविता वाचल्या नव्हत्या असें नाहीं. मिल्टन, पोप, गोल्डस्मिथ हे कवि बापानेंच दिले होते. पण भावना जागृत करावी, तिला वळण लावावें, ह्या हेतूनें दिलेलें असें त्यांत कांहीं नव्हतें. भावनेच्या उमाळ्याला बाप कमीच लेखी. डोंगर, रानफुलें व साधीं माणसें ह्यांच्या दर्शनानें मनांत जें शांत सुख उमलतें तें ह्या कवीनें त्यांना दाखविलें. जें साहित्य बापाच्या निवडींतून राहून गेलें होतें, तें मुलानें बाविसाव्या वर्षीं स्वतः शोधून काढलें.

त्यानंतरचें त्यांचें आयुष्य सर्वश्रुत आहे. १८४३ सालीं तर्कशास्त्रावरील, १८४८ सालीं अर्थशास्त्रावरील, १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील व १८६९ सालीं स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. १८६५ पासून १८६८ पर्यंत ते पार्लमेंटचे सभासद होते, व स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून त्यांनीं तेथें पुढाकार घेतला. मुलांस शिक्षण देणें हें आईबापांचें कर्तव्य असून तें त्यांच्याकडून करवून घेण्याचा अधिकार सरकारला आहे. मात्र तें कोठें व कसें द्यावें हें आईबापांवर सोंपवून, मुलांची प्रगति परीक्षांनीं पाहावी, असें त्यांचें मत होतें. १८६७ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्रूज विद्यापीठांत त्यांनीं विद्यार्थ्यांपुढें मोठें व्याख्यान दिलें. प्राचीन भाषा व शास्त्रें ह्यांचा त्यांनीं जोरानें पुरस्कार केला, म्हणजे बापाची निवड टाकून दिली नाहीं. पण बुद्धि व नीति ह्यांच्या जोडीला काव्य व ललितकला ह्यांनाही शिक्षणांत मानाचें स्थान दिलें. मे १८७३ मध्यें फ्रान्समधील आव्हीन्यों गांवीं त्यांचें निधन झालें.

आपल्या बरोबरीच्या लोकांपेक्षां आपण पंचवीस वर्षें पुढें निघालों तें वडिलांच्या शिकवणीमुळें, हें मिल ह्यांनीं अखेरपर्यंत मान्य केलें. आणि जें आपणांस साधलें तें मध्यम बुद्धीच्या निकोप मुलासही साधेल, असें ते सांगत. विद्यार्थ्यांनीं ह्यांतून धीर घ्यावा. आईबापांनीं मात्र एक गोष्ट आणखी करावी. मुलांसाठीं निवडलेलीं पुस्तकें मेजावर मांडून झालीं म्हणजे त्यांत काय आहे तेवढेंच न पाहतां, काय राहिलें आहे हेंही पाहावें. हातांना काम, पायांना मैदान, डोळ्यांना सृष्टि व मनाला ओलावा देणारें त्यांत कांहीं आहे कीं नाहीं ह्याचा शोध घ्यावा. आणि मग त्याच मेजाशीं मुलांच्या शेजारीं स्वतःही बसावें.