बारा नंबरची जर्सी

संध्याकाळचा खेळ संपला की आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर बास्केटबॉलच्या खांबाखाली आमच्या गप्पा रंगतात. बेळगावातल्या गप्पा त्या. वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते. विषय मात्र बहुधा ठरलेला असतो. एखाद्या संघाच्या सबंध इतिहासातून आवडते पाच खेळाडू निवडायचे झाले तर कोणते निवडाल? क्रिकेटवरून हा वाद घरोघरी होतो. आम्ही दहा-बारा जण तो अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांवरून घालतो. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे दिसतात. त्यामुळे आमच्यातले दोघे-तिघे पहिल्या तासाला डुलक्या घेतात, हे आमच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलेच असेल.

गेल्या पावसाळ्यात एकदा सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची पाळी आली. हा संघ मोठा फिरता. पूर्वी तो रॉचेस्टर रॉयल्स होता आणि त्याचे एकमेव अजिंक्यपद त्याने तिथेच, १९५१ साली मिळवले. १९५७ मध्ये तो सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला. गाव बदलले, नाव बदलले, पण इतिहासाची वही एकच राहिली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे अशा वेळी आकड्यांची वही माझ्याकडे असते. पहिले नाव निर्विवाद होते, ऑस्कर रॉबर्टसन. १९६१-६२ च्या हंगामात त्याची दर सामन्याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी होती. (बास्केटमध्ये न जाता परतलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड आणि ज्या पासवर सहकारी गुण मिळवतो तो असिस्ट, हे न खेळणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) मग टायनी आर्चिबाल्ड, मिच रिचमंड आणि ख्रिस वेबर ही नावे आली. पाचव्या जागेसाठी आमच्यातला एक कन्नड मित्र शांतपणे म्हणाला की मॉरिस स्टोक्सला घ्या. मी वही पाहिली. अवघे तीन हंगाम, २०२ सामने. मी हसलो आणि नाव खोडले. मित्राने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला की आधी त्याच्याविषयी वाच आणि मग खोड. मी वाचले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

मॉरिस स्टोक्सचा जन्म १७ जून १९३३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या रँकिन या पोलादी गावात झाला. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. घर कृष्णवर्णीयांचे आणि कष्टकऱ्यांचे. पुढे कुटुंब पिट्सबर्ग शहरात आले आणि मॉरिस तिथल्या वेस्टिंगहाऊस हायस्कूलमध्ये शिकला. शाळेच्या संघात पहिल्या पाचांत यायलाही त्याला वाट पाहावी लागली.

मोठ्या विद्यापीठात न जाता तो लॉरेटो या लहानशा गावातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजमध्ये गेला. आपल्या तालुक्याच्या गावी असावे तसे हे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे छोटे कॉलेज. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट या मानाच्या स्पर्धेत या कॉलेजने चौथा क्रमांक मिळवला. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू मात्र विजेत्या संघातला ठरला नाही. तो मान चौथ्या आलेल्या संघातल्या स्टोक्सला मिळाला.

त्याच वर्षी रॉचेस्टर रॉयल्सने त्याला करारबद्ध केले. या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. स्टोक्सची उंची सहा फूट सात इंच आणि देह भरदार; पण तो चेंडू खेळवायचा एखाद्या चपळ, बुटक्या गड्यासारखा. पहिल्याच सामन्यात त्याने न्यूयॉर्कविरुद्ध ३२ गुण, २० रिबाउंड आणि ८ असिस्ट मिळवले. नवोदितांतला सर्वोत्कृष्ट म्हणून त्याची निवड झाली. दुसऱ्या हंगामात त्याने १२५६ रिबाउंड घेतले, तो त्या वेळचा विक्रम होता. तिसऱ्या हंगामात रिबाउंडमध्ये त्याचा लीगमध्ये दुसरा आणि असिस्टमध्ये तिसरा क्रमांक होता. चेंडू हिसकावणारा गडी वेगळा आणि वाटणारा वेगळा असतो, असे आम्हांला मैदानावर शिकवतात. स्टोक्स दोन्ही कामे करी. तिन्ही वर्षे तो ऑल-स्टार सामन्यात खेळला. माझ्या वहीत २०२ सामने एवढेच होते. त्या सामन्यांत काय होते ते मी पाहिलेच नव्हते.

१२ मार्च १९५८. साखळीतला शेवटचा सामना मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध होता. बास्केटकडे झेपावताना धक्का लागून स्टोक्स खाली आला आणि त्याचे डोके जमिनीवर आपटले. तो बेशुद्ध झाला. नाकाला उग्र वासाचे औषध हुंगवून त्याला शुद्धीवर आणले आणि तो पुन्हा खेळायला उतरला. त्या काळची तशी रीतच होती. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला बाहेर ठेवून तपासण्याचा नियम या लीगमध्ये २०११ साली आला.

तीन दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीचा सामना झाला. स्टोक्स खेळला, १२ गुण आणि १५ रिबाउंड. परतीच्या विमानात त्याला बरे वाटेनासे झाले, झटके आले आणि तो बेशुद्धीत गेला. ही बेशुद्धी अनेक दिवसांची होती. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या सर्वांगाला पक्षाघात झालेला होता. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, सारे कळत होते. पण हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना. वय होते चोवीस.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सुचणारा प्रश्न. इस्पितळाचा खर्च कोण देणार? आज एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. तेव्हाच्या लीगमध्ये निवृत्तिवेतन नव्हते आणि कायमचे अपंगत्व आल्यास आधार मिळेल अशी सोयही नव्हती. हंगाम संपला, संघमालकही बदलले. सहकारी सुट्टीत आपापल्या गावी पांगले. सही करू न शकणाऱ्या माणसाचे पैशाचे व्यवहार पाहायला कायदेशीर पालक हवा असतो आणि कुटुंब तर दूर पिट्सबर्गला.

तो पालक झाला त्याचाच एक सहकारी, जॅक ट्वायमन. हाही पिट्सबर्गचा, पण गोरा. सिनसिनाटीतच राहणारा आणि खेळ नसेल तेव्हा विम्याचा व्यवसाय करणारा. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला स्वतःचा संसार होता, स्वतःचा खेळ होता. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका टेबलावर जेवणेही ज्या देशात ठिकठिकाणी निषिद्ध होते, त्या देशात त्याने न्यायालयाकडून स्टोक्सचे पालकत्व रीतसर अंगावर घेतले.

यातले काम मोठे किचकट होते. कामावर असताना झालेली इजा म्हणून कामगार नुकसानभरपाई मिळावी, यासाठी ट्वायमनने खटपट केली आणि ती मिळवली. पण तेवढ्याने भागेना. मग १९५८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल डोंगरात, कुटशर यांच्या हॉटेलच्या मैदानावर मदतीसाठी एक सामना ठेवला. तो दरवर्षीचा नेम झाला. विल्ट चेंबरलेनसारखे दिग्गज हंगामातले वैर बाजूला ठेवून तिथे येऊन खेळत. स्टोक्स गेल्यावरही हा उपक्रम गरजू जुन्या खेळाडूंसाठी चालू राहिला.

इस्पितळात दोघांचे बोलणे सुरुवातीला कसे चाले ते वाचून मी थक्क झालो. ट्वायमन एकेक मुळाक्षर म्हणायचा आणि हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी मिटायचा. असे अक्षराला अक्षर जोडून शब्द आणि शब्दाला शब्द जोडून वाक्य. पुढे वर्षानुवर्षे व्यायाम करून स्टोक्सने थोडी वाचा मिळवली, हातात थोडे बळ आणले. तो टंकलेखन यंत्रावर पत्रे लिहू लागला, चित्रे रंगवू लागला. मैदानावर रिबाउंडसाठी जी चिकाटी लागते तीच त्याने या खाटेवर दाखवली, असे मला वाटते.

ट्वायमनचा खेळ यात मागे पडला असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १९५९-६० च्या हंगामात त्याने दर सामन्याला ३१.२ गुण मिळवले. हंगामाची सरासरी तीसच्या वर नेणारे पहिले दोघे त्याच वर्षी झाले, एक चेंबरलेन आणि दुसरा ट्वायमन. १९६६ मध्ये तो निवृत्त झाला, पण पालकत्वातून नाही. ते बारा वर्षे चालले.

दरम्यान खेळाडूही शहाणे होत होते. १९६४ साली बॉस्टनला ऑल-स्टार सामन्याच्या आधी निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्यांनी बजावले आणि ते मान्य करून घेतले. स्टोक्सची खाट साऱ्यांनी पाहिलेली होती. तिचा या निर्धाराशी संबंध नसेल, असे मला तरी म्हणवत नाही.

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने मॉरिस स्टोक्सचे निधन झाले. वय ३६. त्याच्या इच्छेप्रमाणे लॉरेटोच्या त्या छोट्या कॉलेजच्या आवारात, धर्मगुरूंच्या दफनभूमीत त्याला पुरले. कॉलेजच्या क्रीडागृहाला त्याचे नाव दिले गेले. १९७३ साली त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला.

आणि चाहत्यांच्या निवडीचे काय झाले? १९९६ मध्ये लीगने ५० श्रेष्ठ खेळाडू जाहीर केले आणि २०२१ मध्ये ती यादी वाढवली. स्टोक्स एकाही यादीत नाही. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कीर्तिमंदिरात, ट्वायमन १९८३ मध्ये गेला. स्टोक्सला २००४ पर्यंत थांबावे लागले. मृत्यूनंतर ३४ वर्षे. त्या दिवशी त्याच्या वतीने सन्मान स्वीकारायला सत्तरीतला ट्वायमनच उभा होता. तो २०१२ मध्ये वारला. पुढच्या वर्षापासून लीग उत्तम सहकाऱ्याला एक पुरस्कार देते. त्याला ट्वायमन आणि स्टोक्स या दोघांची नावे आहेत आणि मते खेळाडूच देतात.

सॅक्रामेंटोत स्टोक्स कधीच खेळला नाही. तरी त्या संघाने त्याची बारा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली आहे. तो नंबर पुन्हा कुणाला मिळत नाही. शेजारी ट्वायमनचा सत्तावीस नंबर आहे. याच संघाने सहा नंबरही निवृत्त केला आहे आणि तो कुणा खेळाडूचा नसून चाहत्यांचा आहे. पाच जण मैदानात आणि सहावे पाहणारे. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटली. चाहते संघाचे सहावे गडी असतील, तर खेळाडू पडल्यावर त्यांचेही काही काम उरतेच.

मित्रहो, आवडते खेळाडू निवडताना आपण त्यांच्याकडून आपल्याला काय मिळाले तेवढेच जमेला धरतो. गुण, विजय, आनंद. त्यांचे आपण काय देणे लागतो, तो रकाना कोराच राहतो. ताळेबंदाची एकच बाजू लिहिली तर आमचे सर उत्तरपत्रिकेवर शून्य देतील.

हे लिहिताना मला आमचाच एक गडी आठवला. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. आता तो वर्गात येतो, पण मैदानाकडे फिरकत नाही. आम्ही मध्यंतरी आमच्या महाविद्यालयाचे आवडते पाच खेळाडूही निवडले होते. वही माझ्याच हातात होती आणि त्याचे नाव कुणी घेतले नव्हते, मीही नाही. त्याला भेटायला शहापूरला जायचे म्हणून आठ महिने जात होते.

परवा गेलो. कन्नड मित्रही बरोबर होता. त्याच्या आईने चहा केला आणि इतके दिवस कुठे होता, एवढेच विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. निघताना तो जिना उतरून फाटकापर्यंत आला आणि पुढच्या शनिवारी खांबाखाली बसायला येतो म्हणाला.

वहीत खोडलेले स्टोक्सचे नाव मी पुन्हा लिहिले आहे. पाचवे नव्हे, पहिले. शनिवारी त्यावरून वाद होईल आणि ऑस्कर रॉबर्टसनचे चाहते मला सोडणार नाहीत, हे मला माहीत आहे.