मिलचा अंधारलेला हिवाळा

गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने ज्याच्या ग्रंथांतून व्यक्तिस्वातंत्र्याचा पाठ घेतला, तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ऐन विशीत विचारांच्याच ओझ्याखाली खचला होता.

२० मे १८०६ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या जॉनचे बालपण म्हणजे वडील जेम्स मिल यांचा एक शिक्षणप्रयोगच होता. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. समवयस्क सवंगडी जवळजवळ नव्हतेच. सकाळी फिरायला जातानाही आदल्या दिवशीच्या वाचनाचा हिशेब वडिलांना द्यावा लागे. १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला लागला. नोकरी सांभाळून त्याने जेरेमी बेंथमच्या विस्कळीत हस्तलिखितांतून पुराव्याच्या कायद्यावरील पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

१८२६ च्या शरद ऋतूत त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला. समाजसुधारणेची आपली सारी उद्दिष्टे या क्षणी सफल झाली, तर आपण सुखी होऊ काय? मनाने नकार दिला आणि जगण्याचा आधारच निखळला. रात्रीच्या झोपेने हे मळभ ओसरेल, ही आशाही फोल ठरली. जाग येताच तीच जाणीव समोर उभी राहिली. कामे केवळ सवयीने होत राहिली. प्रत्येक भावनेची चिरफाड करण्याची सवय जडलेली. संगीताची आवड होती, पण सप्तकातील स्वर मोजकेच असल्याने नव्या सुरावटी एक दिवस संपतील, ही चिंताही त्याला याच काळात छळू लागली. आपला प्रयोग फसला असे वडिलांना वाटू नये म्हणून त्यांच्याकडेही तो काही बोलला नाही. असे वर्षभराहून अधिक जगवणार नाही, असे त्याला वाटे.

सुमारे सहा महिन्यांनी फ्रेंच लेखक मार्मोंतेलच्या आठवणी वाचताना, पित्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा आधार होऊ पाहणाऱ्या मुलाच्या प्रसंगाने त्याचे डोळे पाणावले. आपल्यातील ओलावा आटलेला नाही, हे त्याला उमगले. १८२८ मध्ये वर्डस्वर्थच्या कवितेने मनाला आणखी उभारी दिली. खिन्नता पुढेही अधूनमधून परतली, पण तितकी गडद कधीच नव्हती. सुखाचा सतत शोध घेतला की ते निसटते; दुसऱ्या कशात मन गुंतले की ते वाटेत सापडते, हा धडा त्याने घेतला. बुद्धीइतकीच भावनेचीही मशागत हवी, हा दुसरा.

पुढे १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील आणि १८६९ मध्ये स्त्रियांच्या दास्यावरील त्याचे ग्रंथ आले. मे १८७३ मध्ये आव्हिन्यों येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या हिवाळ्याची प्रांजळ नोंद आहे. विसाव्या वर्षी जे घरातही बोलता आले नाही, ते साऱ्या जगापुढे आले. आज तशाच रात्री काढणाऱ्या तरुणाला घरच्यांपाशी, मित्रापाशी वा डॉक्टरांपाशी वेळीच मन मोकळे करता यावे, एवढे तरी त्या नोंदीतून घेण्यासारखे आहे.