ठाण्याचे रामभाऊ

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी भिवंडीला राहत असेल, कोणी मुंब्र्याला, कोणी कल्याणला, तर कोणी डोंबिवलीला. कामानिमित्त तुम्ही ठाण्याला जातच असाल. या शहरात दरवर्षी एक मोठा संगीत समारोह होतो. त्याला नाव आहे पंडित राम मराठे यांचे. समारोह ठाणे महानगरपालिका भरवते. हे राम मराठे कोण होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

लोक त्यांना प्रेमाने रामभाऊ म्हणत. त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला. मुलाचा आवाज मात्र लहानपणापासूनच गोड आणि खणखणीत होता. त्या काळी बोलपट नुकतेच सुरू झाले होते. बोलपटात काम करणाऱ्याला गाताही यावे लागे, कारण दुसऱ्याने गायचे आणि नटाने नुसते ओठ हलवायचे, ही पद्धत अजून रुळली नव्हती. म्हणून गाणाऱ्या मुलांना मोठी मागणी असे. अकरा-बारा वर्षांचा राम मुंबईच्या सागर मूव्हीटोन या कंपनीत दाखल झाला. 'मनमोहन' (१९३६) आणि 'जागीरदार' (१९३७) या चित्रपटांत त्याने काम केले. त्यांचे दिग्दर्शक होते मेहबूब खान. पुढे 'मदर इंडिया' काढणारे मेहबूब ते हेच.

त्यानंतर राम पुण्याला प्रभात कंपनीत आला. १९३८ साली 'गोपाळकृष्ण' या चित्रपटात तो कृष्ण झाला. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' या चित्रपटात त्याने चहावाल्याच्या पोऱ्याचे काम केले. हाच चित्रपट हिंदीत 'आदमी' या नावाने निघाला. पंधरा वर्षांच्या आतच मुलाचे नाव गावोगावी पोहोचले.

आता जरा विचार करा. एवढ्या लहान वयात प्रसिद्धी मिळाली, तर कोणालाही वाटेल की आता शिकायचे काय उरले? पण मुलगा वाढतो आणि त्याचा आवाज फुटतो. गोड आवाज जातो, चेहरा बदलतो आणि बालनटाची गरज कोणाला राहत नाही. कितीतरी बालनट असे विस्मरणात गेले. रामपुढेही तीच वेळ आली. बालनट म्हणून त्याचे दिवस संपत आले होते आणि पुढचे आयुष्य तर सगळे बाकी होते. त्याने ठरवले, गाणे मुळापासून शिकायचे. पडद्यावर झळकलेला मुलगा पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला, असेच म्हणा ना! मला तर त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत धाडसाचा वाटतो.

प्रभातमध्ये मास्तर कृष्णराव संगीत देत असत. त्यांच्याकडून रामला तालीम मिळाली. पुढे वामनराव सडोलीकर आणि जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे तो शिकला. तुम्ही म्हणाल, एकच गुरू पुरेसा नव्हता का? आपल्या संगीतात घराणी असतात. आग्रा, ग्वाल्हेर, जयपूर अशी त्यांची नावे. प्रत्येक घराण्याची गाण्याची तऱ्हा वेगळी. जुने लोक एका घराण्याला धरून राहत आणि दुसरीकडे शिकायला गेलेले त्यांना फारसे आवडत नसे. रामभाऊंनी मात्र जिथे चांगले दिसले तिथून घेतले आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव आदराने सांगितले.

जगन्नाथबुवांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ते आग्रा घराण्याचे गायक होते. त्यांचे उस्ताद होते विलायत हुसेन खाँ. खाँसाहेब 'प्राणपिया' या नावाने बंदिशी रचत आणि बुवा 'गुणीदास' या नावाने. तुम्ही उर्दू शायरांचे तखल्लुस ऐकले आहेत ना? तसेच हे. जोगकंस हा आज सगळीकडे गायला जाणारा राग जगन्नाथबुवांनीच रचला, असे मानतात. खाँसाहेबांची विद्या बुवांकडे आली आणि बुवांची रामभाऊंकडे. उस्ताद, रियाज, मैफल, खयाल, तालीम हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत, ते तुमच्या घरचेच आहेत. मराठी गायकाच्या घरीही ते तितकेच घरचे झाले, ते अशा गुरुशिष्यांमुळे. बुवांकडे जितेंद्र अभिषेकी, माणिक वर्मा, सी. आर. व्यास यांच्यासारखे शिष्य घडले. पुढे या सर्वांनी मोठे नाव मिळवले.

रामभाऊंचा गळा तयार झाला आणि मैफली सुरू झाल्या. कोणताही अवघड ताल असो, ते लयीशी मजेत खेळत. अनवट, म्हणजे फारसे न ऐकू येणारे राग गाण्याची त्यांना आवड होती. त्यांना 'संगीतभूषण' म्हणू लागले.

पण एकट्याने मैफल गाजवून त्यांचे समाधान होत नसे. त्यांना नाटकाची ओढ होती. नाटक म्हणजे माणसांचा मेळा. नट, वादक, रंगभूषा करणारे, पडदे ओढणारे, सगळे एका गाडीतून गावोगाव जाणार, एकत्र जेवणार, एकत्र जागणार. काही जाणकारांना वाटे की शास्त्रीय गायकाने नाटकात रमू नये. रामभाऊ दोन्हींकडे रमले. 'सौभद्र' यासारख्या जुन्या संगीत नाटकांत त्यांनी कामे केली.

एकेकाळी मराठी संगीत नाटक पाहायला लोक रात्र रात्र जागत. बोलपट आल्यावर तो प्रेक्षक हळूहळू तिकडे गेला. नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. गंमत पाहा, ज्या बोलपटाने संगीत नाटक मागे पडले, त्याच बोलपटातून रामभाऊ आले होते. १९६३ साली विद्याधर गोखले यांचे 'मंदारमाला' हे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे संगीत रामभाऊंचे होते आणि भूमिकाही त्यांनी केली. त्यांच्याबरोबर प्रसाद सावकार होते. दोघे गायक समोरासमोर येत आणि जुगलबंदी रंगे. जुगलबंदी म्हणजे भांडण नव्हे! एकाने एक जागा घ्यावी, दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे आणि दोघांनी मिळून प्रेक्षकांना खूष करावे. संगीत नाटकाचे दिवस संपले असे म्हणणारे लोकही तिकिटासाठी रांगेत उभे राहिले. पुढे 'मेघमल्हार' या नाटकालाही रामभाऊंनीच संगीत दिले.

रामभाऊंनी संसार ठाण्यात मांडला. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी मुंबईहून ठाण्यालाच आली होती. त्यानंतर रेल्वेच्या सोयीमुळे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या भागांत नोकरदार कुटुंबे वाढत गेली. दिवसा कचेरीत काम आणि संध्याकाळी गाणे किंवा नाटक, अशी आवड असलेली ही माणसे होती. कल्याणला तर १९२६ पासून गायन समाज ही संस्था आहे. असे कान असलेले शेजारी गायकाला मिळाले तर आणखी काय हवे?

त्यांच्या घरात गाणे बाहेरच्या खोलीपुरते नव्हते. मुलांचे गुरू तेच झाले. वडील आणि गुरू एकच असले की मुलांची सुटका नाही, हे तुम्ही समजू शकाल! संजय मराठे आणि मुकुंद मराठे हे त्यांचे मुलगे गायक म्हणून पुढे आले. मुली गायला शिकल्या. नातवंडांतही गाणे उतरले आहे. बाहेरून येणाऱ्या शिष्यांनाही त्यांनी भरपूर दिले. लेखिका आणि गायिका योगिनी जोगळेकर या त्यांच्या शिष्यांपैकीच.

४ ऑक्टोबर १९८९ रोजी रामभाऊंचे निधन झाले. पासष्टावा वाढदिवस अवघ्या एकोणीस दिवसांवर आला होता. पुण्यात जन्मलेल्या या गायकाला ठाणेकरांनी आपला माणूस मानले होते. त्यांच्या नावाच्या समारोहात आज नामवंत कलावंत येतात आणि तरुण गायकही गातात. तुम्हांला कधी जमले तर जाऊन बसा. गायक 'सा' लावतो, तबला जुळवला जातो आणि थोड्याच वेळात सभागृहातून 'वाहवा' आणि 'क्या बात है' ऐकू येते.