‘बालबोध’कार ओकांची शाळा

शाळेत मूल वाचावयास शिकते. परंतु आपण होऊन वाचणे ही निराळी गोष्ट आहे. हा भेद ज्यांनी मराठीत फार लवकर ओळखला, त्या विनायक कोंडदेव ओकांना स्वतःला शाळेचा लाभ बेताचाच झाला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी १८४० साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांचे शिक्षण फार पुढे जाऊ शकले नाही. पुढे शिक्षणखात्याच्या नोकरीत ते शिरले आणि व्यासंगाच्या बळावर ग्रंथकार झाले. शिक्षण संपले तरी शिकणे संपत नाही, याचा त्यांचे आयुष्य हाच पुरावा होता.

त्या काळी मुलांच्या हाती असत ती मुख्यतः सरकारी क्रमिक पुस्तके. परीक्षा झाली की ती मिटली जात. अशा वेळी, १८८१ साली, ओकांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले. त्यांना साथ लाभली ती निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांची. जावजीही गरिबीमुळे लहानपणीच छापखान्याच्या कामास लागलेले. शाळेने ज्यांना फारसे दिले नाही, अशा दोघांनी मिळून इतरांच्या मुलांसाठी हे दार उघडले, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

‘बालबोध’ची घडण साधी होती. दर अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि काही किरकोळ माहिती. यातच त्याचे मर्म आहे. चरित्रासाठी अंक उघडणारा मुलगा पान उलटताना शास्त्रीय विषयाशी येऊन थबकू शकतो. काय आधी वाचावे आणि काय सोडून द्यावे, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे. पाठ घेणारे कोणी नाही, अंती परीक्षाही नाही. आहे ती पुढील महिन्याची प्रतीक्षा. क्रमिक पुस्तक वर्षातून एकदा बदलते, मासिक मात्र महिन्यामागून महिना वाचनाची सवय अंगी लावते.

ही प्रतीक्षा ओकांनी सुमारे तेहतीस वर्षे, १९१४ मधील मृत्यूपर्यंत, जागी ठेवली. ४०२ चरित्रे, तितक्याच कविता, तितकेच निबंध आणि तितकेच शास्त्रीय लेख, असा त्यांच्या लेखणीचा हिशेब आहे. हे लेखन आजच्या मुलास उपदेशपर वाटेल, कल्पनेची भरारी त्यात कमी आढळेल, हे मान्य केले पाहिजे. तथापि मुलाला समजेल अशा सोप्या मराठीत जगाची ओळख करून द्यावी, ही त्यांची निष्ठा कधी ढळली नाही.

आज मुलांसाठी छापील मजकुराची वाण नाही. तरीही पुष्कळांचे वाचन मार्गदर्शिकेतील तयार उत्तरांपाशीच थांबते. शाळेत मासिक आलेच, तर ते फाटेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद होते. वस्तुतः फाटेपर्यंत हाताळले जाणे हेच बालमासिकाचे सार्थक होय. आठवड्यातील एक तास प्रश्न न विचारता, गुण न देता मुलांच्या हाती असा अंक देणे कोणत्याही शिक्षकास अशक्य नाही. ओकांची शाळा एवढ्यानेही पुन्हा भरू शकेल.