एकोणचाळिशी न ओलांडणारा गृहस्थ : जॅक बेनी



हातात माईक घेऊन एकटाच माणूस मंचावर उभा राहतो, बोलतो आणि समोरचे लोक पोट धरून हसतात, असे कार्यक्रम टीव्हीवर आपण सगळेच बघतो. मुले तर त्यांच्या नकला मधल्या सुट्टीत आमच्यापर्यंत पोहोचवतात! ह्या कलेतल्या एका जुन्या उस्तादाची ओळख आज करून द्यायची आहे. नाव जॅक बेनी. देश अमेरिका. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण तिकडे रेडिओ आणि टीव्ही मिळून तीन दशकांहून अधिक काळ हा माणूस घरातल्या माणसासारखा होता.

जॅक बेनी हे त्याचे खरे नाव नव्हेच. १४ फेब्रुवारी १८९४ रोजी शिकागो येथे जन्मलेल्या ह्या मुलाचे नाव बेंजामिन कुबेल्स्की. आईवडील पूर्व युरोपातून पोटापाण्यासाठी आलेले ज्यू निर्वासित. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी वॉकेगन नावाचे गाव आहे, तेथे वडिलांनी आधी दारूचा गुत्ता आणि मग कपड्यांचे दुकान चालवले. मुलाने मोठा व्हायोलिनवादक व्हावे ही त्यांची फार इच्छा. सहाव्या वर्षीच त्यांनी त्याच्या हाती व्हायोलिन दिले. मुलाच्या हातात गुण होता, पण रियाझाचा कंटाळा. अभ्यासाचा तर त्याहून जास्त. वर्गात खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या ह्या मुलाला शेवटी हायस्कूलने काढून टाकले. (मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हे वाक्य लिहिणे जरा अवघडच जाते.) व्यापारी शिक्षण देऊन बघितले, तेही जमले नाही. वडिलांच्या दुकानातही त्याचा उपयोग झाला नाही.

त्या काळी अमेरिकेत वॉदव्हिल नावाचा प्रकार जोरात होता. गाणे, नाच, कसरत, जादू, नकला, सगळे एकाच तिकिटात. आपल्याकडच्या जत्रेतला तंबू पक्क्या नाट्यगृहात नेला तर जे होईल, तसे काहीसे. सतरा वर्षांचा बेंजामिन गावच्या अशाच एका नाट्यगृहात आठवड्याला साडेसात डॉलरवर व्हायोलिन वाजवू लागला. पुढे प्रसिद्ध झालेले मार्क्स बंधू तेथे आले असता त्यांच्या आईने ह्या मुलाला आपल्याबरोबर दौऱ्यावर नेण्याची तयारी दाखवली, पण घरून परवानगी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी मात्र तो एका पियानोवादक बाईंबरोबर बाहेर पडलाच. तेव्हा यान कुबेलिक नावाचा एक नामांकित व्हायोलिनवादक होता. कुबेल्स्की हे नाव आपल्या नावाशी फार जुळते, अशी त्याने हरकत घेतली आणि पोराला नाव बदलावे लागले. हे नवे नावही टिकले नाही. बेन बर्नी नावाच्या दुसऱ्या कलावंताने पुन्हा तीच तक्रार केली, आणि बेन बेनीचा जॅक बेनी झाला. खलाशी एकमेकांना जॅक म्हणून हाक मारत, तेथून ते नाव आले.

खलाशांचा आणि त्याचा संबंध काय, हे सांगायलाच हवे, कारण त्याच्या आयुष्याची दिशा तेथेच बदलली. पहिल्या महायुद्धात तो नौदलात भरती झाला होता. छावणीतल्या मनोरंजनाच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी तो व्हायोलिन घेऊन उभा राहिला आणि खलाशांनी त्याची हुर्यो उडवली. अशा वेळी माणूस एकतर चिडतो, नाहीतर पळतो. बेनीने वाजवणे थांबवले आणि तो बोलू लागला. लोक हसू लागले. तेव्हापासून व्हायोलिन त्याच्या हातात असे, पण वाजवण्यापेक्षा न वाजवण्यासाठीच जास्त.

१९२७ मध्ये त्याचे सेडी मार्क्स हिच्याशी लग्न झाले. पुढे ती मेरी लिव्हिंगस्टन ह्या नावाने त्याच्याच कार्यक्रमात काम करू लागली. २ मे १९३२ रोजी रेडिओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९५५ पर्यंत चालला. रविवारची संध्याकाळ म्हणजे जॅक बेनी, असे समीकरणच होऊन गेले.

त्याने विनोदासाठी कोणाला निवडले? स्वतःला. रेडिओवरचा जॅक बेनी हा एक नमुना होता. महाकंजूष, आपल्या देखणेपणावर खूश, भयंकर व्हायोलिन वाजवणारा आणि वय विचारले की दरवर्षी एकोणचाळीसच सांगणारा. त्याच्या घराच्या तळघरात तिजोरी असे आणि तिचा पहारेकरी इतकी वर्षे तेथे बसून राहिलेला की बाहेरच्या जगात कोणते युद्ध संपले, कोणते चालू आहे, हेही त्याला ठाऊक नसे. त्याची जुनी खटारा मोटार सुरू होताना जे खोकणे, कण्हणे, धापा टाकणे ऐकू येई, ते सगळे मेल ब्लँक हा कलावंत तोंडाने काढी. कार्टूनमधल्या बग्ज बनी सशाला आवाज देणारा तो हाच.

बेनीचा सर्वांत गाजलेला विनोद २८ मार्च १९४८ चा. रस्त्यात एक चोर त्याला अडवतो आणि पैसे हवेत की प्राण, असे विचारतो. ह्यावर बेनी काहीच बोलत नाही. नुसती शांतता. त्या शांततेत प्रेक्षक हसू लागतात, कारण ह्या कंजूष माणसाला निर्णय घेणे किती जड जात असेल हे त्यांना पक्के माहीत असते. चोर चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा आपण विचारच करतो आहोत, असे तो कुरकुरत सांगतो. रेडिओवर, जेथे आवाजाखेरीज दुसरे काही नाही, तेथे गप्प राहून हसवणारा हा माणूस! ह्या एका क्षणामागे सोळा वर्षांची तयारी होती.

आणखी एक गोष्ट. त्याच्या कार्यक्रमात टाळ्या घेणारी वाक्ये बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडी असत. मेरी त्याची फजिती करी, निवेदक डॉन विल्सन करी, गायक डेनिस डे करी, आणि सगळ्यांत जास्त करी त्याचा नोकर रॉचेस्टर. त्याचा हिशेब सरळ होता. हशा कोणीही मिळवला तरी दुसऱ्या दिवशी लोक कार्यक्रम बेनीचाच म्हणणार. हिशेब खरा, पण तो किती जणांना मनापासून पटतो? आमच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत एकेका वाक्यासाठी होणारी भांडणे पाहिली की बेनी आठवतो. तसेच कोणाच्या तोतरेपणावर, रंगावर, गावाकडच्या बोलीवर बेतलेली प्रहसने मुले लिहून आणतात तेव्हाही आठवतो. अशा वेळी हसे पिकते, नाही असे नाही. पण ज्याच्यावर पिकते तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

बेनीही एकदम शहाणा जन्मला नव्हता. रॉचेस्टरची भूमिका करणारे एडी अँडरसन हे कृष्णवर्णीय कलावंत. १९३७ मध्ये आगगाडीतल्या हमालाच्या छोट्या भूमिकेत ते आले आणि लोकांना इतके आवडले की कायमचे राहिले. सुरुवातीच्या वर्षांत त्या काळच्या रीतीप्रमाणे कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे विनोद रॉचेस्टरच्याही वाट्याला आले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी वंशाच्या नावाखाली काय केले हे उघड झाल्यावर असे विनोद आपल्या कार्यक्रमात नकोत, हे बेनीने लेखकांना बजावले. राहिला तो एक चतुर माणूस, मालकाची नस ओळखणारा. त्या काळच्या अमेरिकेत एक कृष्णवर्णीय नोकर गोऱ्या मालकाला दर आठवड्याला शब्दांत हरवतो आणि सारा देश मालकाला हसतो, ही साधी गोष्ट नव्हती.

२८ ऑक्टोबर १९५० रोजी बेनी टीव्हीवर आला. रेडिओचे कितीतरी मोठे लोक चित्र दिसू लागताच फिके पडले. बेनीचे उलट झाले. रेडिओवरची शांतता आता डोळ्यांना दिसू लागली. गालावर हात ठेवून, काहीही न बोलता, प्रेक्षकांकडे दुखावल्यासारखे बघायचे, एवढेच त्याचे भांडवल. तरी घाई केली नाही. आधी अधूनमधून, मग पंधरवड्यातून एकदा आणि १९६० पासून दर आठवड्याला असा तो कार्यक्रम १९६५ पर्यंत चालला. एमी पुरस्कारही मिळाले.

प्रत्यक्षात हा महाकंजूष अत्यंत उदार होता. सोंगाची किंमत म्हणून हॉटेलात इतरांपेक्षा जास्त बक्षिसी ठेवावी लागे, नाहीतर लोकांना सोंगच खरे वाटायचे! महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात त्याने सैनिकांसाठी दूरदूरचे दौरे केले. वडिलांचे व्हायोलिनचे स्वप्नही त्याने विचित्र तऱ्हेने पुरे केले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायला उभा राहिला. मग गावोगावच्या वाद्यवृंदांसाठी अशा मैफली करून त्याने लाखो डॉलर जमवून दिले. लोक वाईट वादन ऐकायला महाग तिकिटे काढत. तो मात्र घरी मन लावून रियाझ करी, लहानपणी टाळला होता तो.

वॉकेगनला तो विसरला नाही आणि वॉकेगनही त्याला विसरले नाही. ज्या गावातल्या हायस्कूलने त्याला काढून टाकले, त्याच गावाने १९६१ च्या सुमारास एका नव्या शाळेला जॅक बेनीचे नाव दिले. शाळेच्या खेळाडूंना काय म्हणतात ठाऊक आहे? एकोणचाळीसवाले!

जॉर्ज बर्न्स हा विनोदी नट त्याचा जिवलग मित्र. सगळ्या देशाला हसवणारा बेनी जॉर्जसमोर क्षुल्लक गोष्टीवर हसून हसून जमिनीवर लोळत असे. १९७४ मध्ये बेनीला एका चित्रपटात मोठी भूमिका मिळाली होती, पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २६ डिसेंबर १९७४ रोजी तो गेला. वय ऐंशी. अंत्यविधीच्या वेळी जॉर्ज बोलायला उभा राहिला, पण त्याला बोलणे पुरे करता आले नाही. ती भूमिका पुढे जॉर्जनेच केली आणि तिला ऑस्कर मिळाले.

बेनी गेल्यानंतर मेरीकडे फुलवाल्याकडून रोज एक लाल गुलाब येऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले की ती जिवंत असेपर्यंत रोज एक गुलाब पाठवावा, अशी तजवीज नवरा मृत्युपत्रात करून गेला आहे. १९८३ मध्ये मेरीचे निधन झाले, तोपर्यंत ते गुलाब येत राहिले.